बैठकीतल्या टीव्हीला गेमिंग कॉम्प्युटर जोडताना पैसा कुठे लावायचा

कापूस विकला की घरात खरेदीची बोलणी सुरू होतात. हल्ली त्यात पोरांचा गेमिंग कॉम्प्युटरही असतो. यादी घेऊन अमरावती-नागपूर गाठण्याआधी घरातच काही गोष्टी तपासून घ्या.

आधी टीव्ही बघा. फुल एचडी पडद्यावर साधारण २१ लाख ठिपके असतात, फोर-केवर ८३ लाख. म्हणजे ग्राफिक्स कार्डाला, पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाला, चौपट काम. टीव्ही फुल एचडी असेल तर ८ जीबी मेमरीचं मधल्या दर्जाचं कार्ड पुरतं. त्याहून महागड्या कार्डाचे पैसे त्या पडद्यावर दिसणारच नाहीत.

मग वाट ठरवा: तयार गेमिंग यंत्र की सुटे भाग घेऊन जुळवलेला कॉम्प्युटर. सोनीचा प्लेस्टेशन ५ (टीव्हीला जोडायचं गेमिंग यंत्र) भारतात २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. तेवढ्यात तसाच कॉम्प्युटर जुळवणं कठीण. पण प्लेस्टेशनचे मोठे गेम ४,९९९ रुपयांच्या आसपास जातात आणि बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी भरावी लागते. ‘स्टीम’ हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या स्टीम मशीन या तयार गेमिंग कॉम्प्युटरमध्ये रॅम (चालू कामाची मेमरी) आणि एसएसडी (गेम साठवायची जागा) बदलता येते, ग्राफिक्स चिप नाही. पोरगं त्याच यंत्रावर अभ्यास, प्रोजेक्टही करणार असेल, तर माझं मत जुळवलेल्या कॉम्प्युटरला.

हात आखडता असेल तर सुरुवातीला कार्ड घेऊच नका. रायझन ५ ८६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं; सेटिंग उतरवली की बरेच गेम चालतात. हे ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. वेग चांगलाच वाढतो. कार्ड पुढच्या हंगामात टाकता येईल, फक्त एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आत्ताच ५५० वॅटचा, चांगल्या दर्जाचा घ्या.

आता विजेचं, आणि इथे कंजुषी करू नका. कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याच्या, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजा. आमच्या घरी याच कारणाने टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट जळाला. केबल लावताना बारीक ठिणगी दिसली होती, आम्ही ती मनावर घेतली नाही. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर, नाहीतर लाइन गेली की कॉम्प्युटर बंद पडतो.

मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते. तिशीच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारं कार्ड मग ८५ च्या घरात जातं. म्हणून काचेच्या देखण्या कॅबिनेटपेक्षा पुढून जाळीचं घ्या, टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कोंबू नका, आणि कूलरच्या ओल्या झोतासमोर तर ठेवूच नका.

गेम आणायचा कसा, हेही आधीच ठरवा. नवा मोठा गेम १०० जीबीचाही असतो. रोजच्या २ जीबीच्या रिचार्जवर पन्नास दिवस लागतील. तालुक्याला कुणाकडे फायबर असेल तर तिथे आपल्या स्टीम खात्यावर उतरवा आणि एक्स्टर्नल डिस्कवर घरी आणा.

घरात कापूस साठवलेला असताना दर आठवड्याला कॅबिनेटची जाळी काढून बघा. पांढऱ्या रेशांचा नमद्यासारखा थर बसतो, बोटाने सोलून निघतो. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, रंगाच्या कोरड्या ब्रशने तो झाडा, आणि ब्रश मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.