वस्तीतली भिंत रंगवताय? आधी या चुका टाळा

दिवाळी सरली की भिंत रंगवायला निघालेल्या पोरांचे फोन सुरू होतात. कॉलेजचा ग्रुप असतो, एखादं मंडळ असतं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली हौशी मंडळी असतात. प्रश्न ठरलेला: "सर, शनिवार-रविवारात होईल ना?" गेली पंधरा वर्षं मी फुलेनगर, वडाळा, जुन्या नाशकातल्या गल्ल्या आणि नंदिनी नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये भिंतींवर काम करतोय. तरी दर वर्षी त्याच चुका नव्याने होताना दिसतात, आणि भोगतात ते तिथे राहणारे लोक. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

नव्याने येणारा प्रत्येक जण मोबाइलमध्ये डिझाइन घेऊन येतो. भिंत नीट पाहून आलेला क्वचितच भेटतो.

काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका वस्तीत सार्वजनिक शौचालयाच्या मागच्या भिंतीवर आम्ही चित्र काढलं. विषय वस्तीतल्या बायकांनी दिला होता: सातवी-आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुली. 26 जानेवारीला उद्घाटन आणि हातात चार दिवस. भिंतीला खालच्या अंगाने लोणा लागलेला मला दिसत होता. बोट फिरवलं की मिठासारखी पांढरी पूड हाताला यायची. तरी मी घाई केली. पॉलिश पेपर मारला, वरून पुट्टी ओढली, प्राइमरचा एक हात दिला आणि चित्र सुरू केलं. उद्घाटनाला भिंत देखणी दिसली. होळीपर्यंत रंगाला फोड आले. श्रावणात पापुद्रे सुटले आणि मधल्या मुलीचा गाल आणि एक डोळा गटारात पडला. जिला समोर बसवून तो चेहरा काढला होता, ती रोज त्याच भिंतीवरून पाण्याचं टमरेल घेऊन जायची. भेटली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "दादा, माझं तोंड कधी नीट करणार?" त्या प्रश्नानंतर मी तारीख बघून भिंत घेणं सोडलं.

लोणा लागण्याचं कारण साधं आहे. मागून झिरपणारं किंवा पायातून चढणारं पाणी विटांतले आणि सिमेंटमधले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून त्यांचे खडे बनतात आणि ते रंगाला आतून बाहेर ढकलतात. वरून पुट्टी ओढली की रंगाबरोबर पुट्टीही सुटते. म्हणून माझी सवय अशी: दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक दिवस, एक रात्र तसाच ठेवायचा. आतून थेंब धरले तर त्या भिंतीला हात लावायचा नाही. आधी ओल कुठून येते ते शोधायचं. बहुतेक वेळा पलीकडे फुटका पाइप निघतो, नाहीतर तुंबलेली मोरी. ती दुरुस्त झाली, भिंत पूर्ण सुकली, की तारेच्या ब्रशने लोणा कोरडाच झाडायचा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात. ओल बंद होणारच नसेल तर भिंत बदला. मी अशा ठिकाणी हल्ली सिमेंट शीटवर चित्र काढतो आणि मागे दोन बोटं फट ठेवून शीट बसवतो. खर्च वाढतो, पण कुणाचा चेहरा गळून पडत नाही.

जुन्या चुन्यावर थेट इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा रंग, मारू नका. तळहात घासा, पांढरा झाला तर सगळा सुटा चुना खरवडायचा, मगच प्राइमर. नवं प्लास्टर असेल तर 28 दिवस थांबा. ताज्या सिमेंटवर ऑइल पेंट लावला तर सिमेंटमधल्या अल्कलीमुळे तेलाचा साबण होतो आणि थर निसटतो. पत्र्याच्या भिंतीला धातूचा प्राइमर हवा.

हंगाम सांभाळा. मे महिन्यात पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारी रंग ब्रशवरच सुकतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी भिंत दवाने ओली असते, नऊ-साडेनऊशिवाय डबा उघडू नका. गोदाकाठच्या सखल गल्ल्यांमध्ये ऑगस्ट 2019 चा पूर कुठवर आला होता ते घराघरांत ठाऊक आहे. विचारा आणि बारीक काम त्या रेषेच्या वर ठेवा.

आता दुसरी चूक. ही रंगाची नाही, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मला तीच जास्त लागते. ज्यांच्यावर अन्याय होतोय त्यांच्याच भिंतीवर त्यांना उपदेश लिहिणं.

एका टेकाडावरच्या वस्तीत आमच्यातल्या मुलांनी मोठा नळ काढला होता, नळाखाली पृथ्वी आणि वर अक्षरं: 'पाणी वाचवा'. काम सफाईदार होतं. मी संध्याकाळी बघायला गेलो तेव्हा एक मावशी हंडा कमरेवर घेऊन तिथे उभ्या होत्या. म्हणाल्या, "आम्हाला सांगता व्हय पाणी वाचवा? सांडायला तरी येतं का आमच्याकडं? जा, खाली सोसायटीत गाड्या धुतात तिथं लिहा." मुलांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. गंगापूर धरण जवळ असलेल्या शहरात त्या गल्लीला पहाटे साडेचारला जेमतेम पाऊण तास पाणी येत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलांना पहाटे चारला नळावर बोलावलं. अंधारात रांग लागलेली होती, पण माणसांची नाही, भांड्यांची. स्टीलच्या हंड्यांवर लग्नात घातलेली नावं, प्लास्टिकच्या कॅनवर नेलपॉलिशने काढलेल्या खुणा: कुणाचं फूल, कुणाची फुली, एकीच्या कॅनवर नुसता '7'. भांडं रांगेत ठेवून बाई घरी भाकरी थापायला जाते आणि तिची जागा कुणी घेत नाही. आम्ही नळ पुसला आणि ती रांग काढली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक भांड्यावर त्याची खरी खूण. नावं त्या त्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपली खूण काढली. वर फक्त वेळ लिहिली: 'पहाटे 4.30'. पाण्याची वेळ त्याने बदलली, असा दावा मी करणार नाही. पण त्यानंतर वस्तीत आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याला आणि साहेबाला बायकांनी त्या भिंतीसमोर उभं करून बोलायला लावलं.

म्हणून माझा नियम: डबा उघडण्याआधी तीन फेऱ्या. एक पहाटे, एक दुपारी बायका-म्हातारे असतात तेव्हा, एक रात्री कामावरून माणसं परतल्यावर. वही काढायची नाही, सर्व्हे करायचा नाही, बसायचं. भित्तिचित्रांसाठी गाजलेल्या दिल्लीच्या लोधी कॉलनीचे फोटो दाखवून "असं करू" म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. ती सरकारी वसाहत आहे, तिथल्या भिंती भक्कम आहेत, तिथलं काम तिथे शोभतं. तुमच्या समोरच्या गल्लीला काय म्हणायचंय ते त्या फोटोत सापडणार नाही. ज्यांना तीन फेऱ्यांचाही धीर नाही त्यांनी खुशाल आपल्या कॉलेजची भिंत रंगवावी.

इतिहास अंदाजाने काढू नका. एका गल्लीत मुलांनी काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या चित्रात तळ्यातून ओंजळीने पाणी घेणारे लोक काढले. शेजारच्या आजोबांनी काठी टेकवून दाखवलं, "हे महाडचं चवदार तळं, 1927 सालचं. आपला सत्याग्रह 2 मार्च 1930 चा, तो देवळाच्या दारात झाला. आणि सत्याग्रहाचे पुढारी दादासाहेब गायकवाड कुठायत यात?" नाशिकमध्ये हे चुकवणं मला खपत नाही. स्केच आधी कागदावर वस्तीतल्या जाणत्यांना दाखवा.

वारली माणसं कडेला चिकटवू नका. पेठ, सुरगाण्याहून रोजगारासाठी आलेली कुटुंबं याच वस्त्यांत राहतात. मजुरीच्या नाक्यामागे तारप्याचा फेर काढण्याआधी त्यांना विचारा. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने रेघ ओढणारा हात कदाचित त्याच गल्लीत असेल. त्यालाच ब्रश द्या, मजुरीसकट.

ओळखू येईल असा चेहरा परवानगीशिवाय काढायचा नाही. लहान मूल असेल तर आईबापांची परवानगी हवी. व्यसन, मारहाण असे विषय असतील तर चेहरा नकोच. चित्र वर्षानुवर्षं राहतं आणि त्या बाईला त्याच गल्लीत राहायचं असतं.

अक्षरांसाठी बोर्ड रंगवणारा जुना पेंटर गाठा. इंटरनेटवरून काढलेल्या स्टेन्सिलमध्ये देवनागरीच्या गाठी गळतात, 'ब' आणि 'ष' यांची पोटं भरून जातात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. दोरीला नीळ लावून शिरोरेघ मारा, मग लिहा. आणि 'स्त्रि', 'शिक्षीत' असं लिहून शिक्षणाबद्दल बोलू नका.

घरमालकाची परवानगी लेखी घ्या. सार्वजनिक भिंत असेल तर महापालिकेची. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 चा राज्याचा कायदा आहे, आणि तुमचा हेतू चांगला होता हे तिथे पुरत नाही.

स्टेनर, म्हणजे डब्यात मिसळायचा गडद रंग, जास्त ओतून भडक रंग करू नका, दोन उन्हाळ्यांत विटतो. गेरू आणि पिवडी (पिवळी माती) टिकतात, कारण त्यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो.

खालचे तीन फूट मोकळे सोडा. तिथे माणसं टेकतात, शेळ्या अंग घासतात, पोरं चेंडू मारतात. पूर्वी घरांना खाली गेरूचा पट्टा असायचा, मीही तसाच पट्टा ठेवतो. त्याच रंगाचा अर्धा लिटरचा डबा आणि दोन इंची ब्रश गल्लीतल्या एका घरात देऊन येतो, झाकणावर भिंतीचं नाव आणि मिसळलेलं प्रमाण लिहून. पुढच्या दिवाळीनंतर खरवडायचा पत्रा घेऊन परत जायचं, सुटलेलं खरवडायचं आणि त्या डब्यातूनच डाग भरायचे. ही तारीख पहिल्या दिवशीच वहीत टाका.