परदेशातील वेळ अचूक कशी काढावी

‘अमेरिका आपल्या साडेनऊ तास मागे’ हे वाक्य अनेकांच्या तोंडी असते. ते वर्षातील साधारण आठ महिनेच खरे असते, आणि तेही फक्त पूर्व किनाऱ्यापुरते. ऑनलाइन मुलाखत किंवा विद्यापीठाच्या अर्जाची अंतिम मुदत असली, तर एवढ्या अर्धवट माहितीवर विसंबणे महागात पडते. फरकाचे आकडे पाठ करण्यापेक्षा वेळ काढण्याची रीत एकदा समजून घेतलेली बरी.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटे. त्यामुळे प्रत्येक रेखावृत्तावर मध्यान्ह वेगळ्या क्षणी होते आणि पूर्वेकडील गावाचे घड्याळ पश्चिमेकडील गावाच्या पुढे असते. रेल्वे आणि तारयंत्र येईपर्यंत गावोगावच्या या वेगळ्या वेळांचा कोणाला त्रास नव्हता, पण एकाच वेळापत्रकावर शेकडो मैल धावणाऱ्या गाड्यांना तो होऊ लागला. १८८४ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ग्रीनिचचे रेखावृत्त मूळ रेखावृत्त म्हणून स्वीकारले गेले आणि पुढे एकेका देशाने त्याच्या आधारे आपली प्रमाणवेळ ठरवली.

भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली असून ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. ती १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्याआधीची मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, आणि मुंबईकरांनी ती सहजासहजी सोडली नाही. शहरात तिचा वापर १९५५ पर्यंत टिकून होता. प्रमाणवेळेशी तिचा असलेला ३९ मिनिटांचा फरक आजही आकाशात दिसतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा मुंबईत सूर्य माथ्यावर आलेला नसतो. तो सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी तेथे पोहोचतो, आणि नागपुरात मात्र त्याच्या सुमारे २५ मिनिटे आधी. प्रमाणवेळ ही निसर्गाने नव्हे, सरकारने ठरवलेली असते, हे यावरून ध्यानात यावे. म्हणूनच नेपाळची वेळ आपल्या १५ मिनिटे पुढे आहे आणि एवढ्या अफाट पसरलेल्या चीनमध्ये एकच प्रमाणवेळ चालते. नकाशावरील अंश मोजून कोणत्याही देशाची वेळ काढू नये.

कोणत्याही दोन शहरांमधील फरक थेट काढण्याऐवजी मध्ये जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी (व्यवहारात ग्रीनिचचीच वेळ), घ्यावी. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की यूटीसी मिळते. मग समोरच्या शहराचा त्या तारखेचा फरक तिच्यात मिळवावा किंवा वजा करावा. समजा, पुण्यात जानेवारीतील सोमवारी रात्री ८.३० वाजता बैठक आहे. यूटीसीनुसार तेव्हा दुपारचे ३ वाजलेले असतील. लंडनमध्येही तेव्हा ३ वाजलेले असतील, न्यूयॉर्क ५ तास मागे असल्याने तेथे सकाळचे १० आणि सॅन फ्रान्सिस्को ८ तास मागे असल्याने तेथे सकाळचे ७. सिडनी ११ तास पुढे असल्याने तेथे मात्र मंगळवार लागलेला असेल आणि पहाटेचे २ वाजलेले असतील. म्हणून वेळेबरोबर वारही लिहून काढावा.

‘त्या तारखेचा फरक’ असे म्हणण्याचे कारण डेलाइट सेव्हिंग. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतली जातात. ब्रिटन आणि युरोपीय संघात हेच मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घडते. भारत यात नसल्याने आपला न्यूयॉर्कशी फरक हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा असतो. खरी तारांबळ मार्चमधील मधल्या दोन-तीन आठवड्यांत उडते. न्यूयॉर्कच्या सकाळी १० वाजता ठरलेली साप्ताहिक बैठक पुण्यात ८.३० ऐवजी ७.३० वाजता सुरू होऊ लागते. लंडनमध्ये ती ३ वरून २ वर येते आणि महिनाअखेरीस पुन्हा ३ वर जाते. बैठक कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधली आहे, हे आधीच विचारून घ्यावे. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना ते शहर निवडले की पुढचे बदल फोन स्वतः सांभाळतो. भारतासाठी त्या यादीत अनेकदा मुंबई नव्हे, कोलकाता शोधावे लागते.

वेळ कळवताना संक्षेपांवर भिस्त ठेवू नये. आयएसटी ही अक्षरे भारतीय प्रमाणवेळेप्रमाणेच आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेसाठीही वापरली जातात, आणि सीएसटी म्हणजे अमेरिकेतील मध्य विभागाची वेळ की चीनची, हे संदर्भावाचून कळत नाही. ‘मंगळवार, रात्री ८.३०, भारतीय वेळ’ असे सरळ लिहावे. अंतिम मुदत ‘रात्री १२’ अशी दिली असेल, तर ती त्या तारखेच्या सुरुवातीची की शेवटची, हे विचारावे. मुदत लावणाऱ्याने २३.५९ लिहिले तर हा प्रश्नच उरत नाही.

पॅसिफिक महासागरातून जाणारी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना वारच बदलतो. ही रेषाही माणसांच्या सोयीने वळवली जाते: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी व्यवहार सोपे व्हावेत म्हणून सामोआने २०११ साली ३० डिसेंबरचा शुक्रवार गाळून थेट शनिवार गाठला.

परदेशातील मराठी घरांत वेळेचा प्रश्न पंचांगापाशी हमखास येतो. तिथी साऱ्या जगात एकाच क्षणी संपते, पण दिवसाची तिथी त्या त्या गावच्या सूर्योदयावरून ठरते. समजा, हिवाळ्यात एखादी एकादशी सोमवारी सकाळी ८ वाजता सुरू होऊन मंगळवारी सकाळी ८ वाजता संपते. मंगळवारच्या सूर्योदयाला ती असल्याने इथे एकादशी मंगळवारी. न्यूयॉर्कमध्ये मात्र ती सोमवारी रात्री ९.३० वाजताच संपलेली असते, म्हणून तेथे सोमवार धरावा लागतो. संकष्टीच्या चंद्रोदयाचे तर असे गणितही करता येत नाही. कॅलेंडरवर छापलेल्या मुंबईच्या वेळेतून साडेदहा तास वजा करून न्यू जर्सीचा चंद्रोदय मिळत नाही, कारण तो त्या ठिकाणच्या क्षितिजावर अवलंबून असतो. त्यासाठी त्या शहराचे नाव घालून काढलेले पंचांगच पाहावे.