विहीर-बोअरचं पाणी नासू नये म्हणून काय काय करायचं

टीडीएस मीटर पाण्यात बुडवला, आकडा 180 आला, म्हणजे पाणी झकास, असं मानणारे खूप लोक भेटतात. अहो तो मीटर पाण्यात एकूण क्षार किती विरघळलेत याचा फक्त अंदाज देतो, संडासातले जंतू त्याला दिसत नाहीत आणि आर्सेनिकसारखं विष आहे की नाही हेही कळत नाही. चव, वास, नितळपणा, यातल्या कशावरच भरवसा ठेवायचा नाही. लंडनमध्ये 1854 साली ब्रॉड स्ट्रीटच्या ज्या पंपाने कॉलरा पसरवला त्याचं पाणी लोकांना आवडायचं, एक बाई तर लांब राहायला गेल्यावरही तिथूनच मागवून प्यायची. नंतर खोदून पाहिलं तर मैल्याचा खड्डा विहिरीपासून मीटरभरही लांब नव्हता.

आणि पाणी आधीच किती कमी आहे ते बघा. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यात गोडं साधारण 2.5 टक्के, त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं, सुमारे 30 टक्के जमिनीखाली, आणि नद्या-तलाव मिळून अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे हाताशी येण्यासारखं जवळपास सगळं पायाखालीच आहे. तेच एकदा नासलं की लवकर सुधारत नाही, कारण खालचं पाणी बऱ्याच ठिकाणी दिवसाला काही सेंटीमीटरच सरकतं.

तर पहिलं काम, टेप घेऊन विहिरीभोवती एक फेरी मारा. सेप्टिक टँक, शोषखड्डा, उकिरडा, गोठा, डिझेलचा पिंप, जे दिसेल त्याचं अंतर मोजून कागदावर लिहा. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा किमान 15 मीटर लांब हवेत, 30 असेल तर बरं, आणि चढाच्या बाजूला तर नकोच. अंतराइतकीच खोली महत्त्वाची, हे बरेच जण विसरतात. ऐन पावसाळ्यात पाणी सगळ्यात वर येतं तेव्हाही खड्ड्याचा तळ आणि पाण्याची पातळी यांच्यात दीड-दोन मीटर कोरडी माती राहिली पाहिजे, कारण जंतू गाळण्याचं काम तीच करते. खाली भेगाळलेला खडक किंवा भरड वाळू असेल तर मात्र हे आकडे पुरत नाहीत, जितकं लांब नेता येईल तितकं न्या. सेप्टिक टँकमधला गाळ तीन ते पाच वर्षांनी उपसायचाच, तुंबेपर्यंत थांबायचं नाही.

आता बोअरचं तोंड. माझ्या बोअरला दिसायला मस्त सिमेंटचा ओटा होता, पण केसिंग पाइप (बोअरच्या तोंडाशी आत बसवलेला पाइप) आणि ओटा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट. बादलीभर स्वच्छ पाणी तिथे ओतून बघितलं तर गुळगुळ आवाज करत क्षणात गायब, म्हणजे इतकी वर्षं पावसाचं सगळं धुवण सरळ खाली जात होतं आणि आम्ही वर फिल्टर बदलत बसलो होतो! ओटा फोडला, पाइपभोवती खोल खणलं, सिमेंटची पातळ रबडी भरली आणि बाहेरच्या बाजूला उतार देऊन नवा ओटा केला. केसिंग जमिनीच्या वर निदान 30 सेंटीमीटर हवं, पूर येत असेल तर पुराच्या पातळीच्याही वर. तोंडाला घट्ट झाकण, केबलच्या भोकाला सील. गोणपाट बांधणं किंवा प्लास्टिकची पिशवी कोंबणं याला झाकण म्हणत नाहीत. उघड्या विहिरीला कठडा आणि झाकण करा, आणि पोहरा जमिनीवर टेकवू नका. बंद पडलेली बोअर असेल तर तीही चिकणमाती-सिमेंटने नीट बुजवायची, नाहीतर ती घाण खाली नेणारी थेट नळीच आहे, वर लहान मुलांच्या जिवाला धोका तो वेगळाच.

औषध फवारणारे लोक एक चूक हमखास करतात. पाइपचं तोंड फवारणीच्या टाकीत बुडवून पाणी भरतात, मध्येच लाइट जाते, पंप थांबतो आणि टाकीतलं औषध उलटं ओढलं जाऊन बोअरमध्ये. पाइप टाकीच्या काठाच्या वर धरा आणि लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवा. जळकं ऑइल, रंग, थिनर, जुन्या बॅटऱ्या जमिनीत पुरायच्या नाहीत. खत एकदम न देता थोडं थोडं द्या, पिकाने न घेतलेला नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतो. लिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेलं पाणी तान्ह्या बाळाला देऊ नये, आणि उकळून तो जात नाही, पाणी आटतं म्हणून उलट दाट होतो.

पुनर्भरण, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं, करत असाल तर पाणी फक्त छताचं घ्या, रस्त्याचं नको. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर, हा सोपा हिशोब. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पुढचं दगड-खडी-वाळूच्या खड्ड्यातून मुरवा, बोअरमध्ये थेट पाइप सोडू नका.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, पाणी लॅबमध्ये तपासा. बाटली लॅबचीच. नळाचं तोंड स्पिरिटच्या ज्योतीने तापवा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, झाकणाच्या आतून बोट लावू नका, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून 24 तासांच्या आत पोचवा. 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतला जंतू, शून्य हवा. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या आत, आर्सेनिक 0.01 च्या आत.

जंतू निघाले तर पिण्याचं पाणी खळखळून उकळा आणि विहिरीत क्लोरिन टाका. व्यासाचा वर्ग गुणिले 0.785 गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, की घनमीटर मिळतात. दर घनमीटरला 33 टक्के क्लोरिनची ताजी ब्लीचिंग पावडर 150 ग्रॅम. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर साधारण सव्वाचार किलो झाली. हातमोजे घालून बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी विहिरीत ओता. निदान 12 तास कुणी ते पाणी वापरायचं नाही, मग वास जाईपर्यंत उपसा, झाडांना किंवा तळ्यात मात्र सोडू नका. आठवडा-दोन आठवड्यांनी परत तपासा. पुन्हा जंतू निघाले तर पावडर वाढवत बसू नका, टेप घेऊन परत पहिल्या फेरीला निघा, कुठून तरी घाण अजून आत येतेय.