आयपी अ‍ॅड्रेस शोधायचा कसा आणि वाचायचा कसा

शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपवर वायफायची खूण दिसत होती, पण एकही पान उघडत नव्हतं. त्या इंटरनेटवाल्याला फोन लावणार, तेवढ्यात मी आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर लॅपटॉपला मिळालेला आकडी पत्ता, बघितला. तो १६९.२५४ ने सुरू होत होता. दुखणं कुठं आहे ते तिथंच कळलं. हे आकडे वाचायला दहा मिनिटांत शिकता येतं, आणि प्रत्येकाला ते यायला हवं.

विंडोजवर असं करा. विंडोजचं बटण धरून आर दाबा, आलेल्या चौकटीत सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरं लिहा आणि एंटर करा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहून पुन्हा एंटर करा. बऱ्याच ओळी धडाधड येतील, घाबरू नका. ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ लिहिलेले भाग सोडून द्या. वायफायच्या भागात (केबल लावली असेल तर इथरनेटच्या) ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ ही ओळ शोधा. तिच्यासमोर तुमचा पत्ता असतो. खाली ‘डिफॉल्ट गेटवे’ दिसतो, तो तुमच्या राउटरचा पत्ता.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये वायफाय उघडा आणि जोडलेल्या नेटवर्कसमोरचं ‘डिटेल्स’ दाबा.

आता वाचन. चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. असे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते होतात, आणि जगाला ते पुरले नाहीत. वाटपाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून घराघरांत १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात. फ्लॅट नंबर ३ प्रत्येक सोसायटीत असतो, तसा १९२.१६८.१.३ लाखो घरांत असतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो सोसायटीचा पत्ता, म्हणजे तुमच्या राउटरपलीकडचा सार्वजनिक आयपी. तो बघायला गूगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधा. तिथं अक्षरं आणि अपूर्णविराम असलेला लांबलचक पत्ता आला, तर तो नव्या आयपीव्ही६ पद्धतीचा. व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणारी सोय) चालू असेल तर मात्र तुमचा नाही, व्हीपीएनचा पत्ता दिसेल.

कुणी आयपी मागितला तर आधी विचारा, आतला की बाहेरचा? घरातला प्रिंटर जोडायला आतला लागतो. ऑफिसच्या सर्व्हरवर तुम्हाला परवानगी द्यायची असेल तर बाहेरचा.

काकूंच्या १६९.२५४ चा अर्थ असा: लॅपटॉपनं राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला. त्या पत्त्यावरून इंटरनेटवर जाता येत नाही. मी राउटर बंद केला, अर्ध्या मिनिटानं चालू केला, लॅपटॉपचं वायफाय पुन्हा जोडलं. १९२.१६८.१.७ आला आणि पानं उघडू लागली.

अजून एक गोष्ट, घरी कॅमेरा बसवून तो बाहेरून बघू इच्छिणाऱ्यांसाठी. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये डिफॉल्ट गेटवेचा पत्ता टाकला की उघडतं ते) ‘वॅन’समोर, म्हणजे बाहेरच्या जोडणीसमोर, दिसणारा पत्ता आणि गूगलवरचा आयपीव्ही४ पत्ता ताडून बघा. राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल, तर इंटरनेट कंपनीनं एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. अशा वेळी राउटरमध्ये कितीही पोर्ट (बाहेरून आत यायच्या वाटा) उघडलेत तरी बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत थेट पोहोचता येणार नाही. कंपनीकडे ‘स्टॅटिक पब्लिक आयपी’, म्हणजे न बदलणारा, फक्त तुमचा सार्वजनिक पत्ता मागा, बहुधा त्याचे वेगळे पैसे पडतात.