फेनोफायब्रेटच्या नॅनोसस्पेन्शनमधले कण ठेवल्यावर मोठे होत होते, ते असं थांबलं

फेनोफायब्रेट हे रक्तातली चरबी कमी करणारं औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून आम्ही ते बीड मिलमध्ये (मण्यांच्या चक्कीत) ओलं दळून त्याचं नॅनोसस्पेन्शन, म्हणजे पाण्यात पसरलेले अतिसूक्ष्म कण, बनवतो. झिर्कोनियाचे बारीक मणी, पाणी, कण वेगळे ठेवणारं पॉलिमर एचपीएमसी आणि त्याच कामासाठी साबणासारखं सोडियम लॉरिल सल्फेट. मिलमधून काढताना कण 200 नॅनोमीटरच्या आसपास. पण बाटली काही दिवस ठेवून बघावी तर आकार दुपटीच्या वर, आणि तळाशी बोटांना कचकच लागेल असा गाळ.

अशा वेळी पहिला संशय कण चिकटण्यावर जातो, म्हणून सल्फेट वाढवून पाहिलं. आकार आणखी भराभर वाढला! मग मायक्रोस्कोपखाली पाहिलं. गुठळ्या नव्हत्याच, सुटे, धारदार कडांचे स्फटिक होते. म्हणजे कण चिकटत नव्हते, वाढत होते. जास्तीच्या सल्फेटचे मायसेल, म्हणजे त्याच्या रेणूंचे छोटे पुंजके, औषध विरघळवतात. बारीक कण झिजतात आणि तेच औषध मोठ्या कणांवर जाऊन बसतं. हेच ऑस्टवाल्ड रायपनिंग.

नुसत्या पाण्यात 25 अंश सेल्सिअसला सल्फेटचे मायसेल साधारण 8 मिलिमोलरपासून बनतात, पण एचपीएमसी सोबत असलं की तसेच पुंजके त्याच्याही खाली बनू लागतात. म्हणून सल्फेट चांगलंच कमी केलं आणि एचपीएमसी वाढवलं. दळायला वेळ जास्त लागतो, पण आकार जागेवर राहतो. माझ्या मते हा सौदा केव्हाही परवडतो.

आकार मोजताना मात्र सँपल साध्या पाण्याने पातळ करू नका. त्याच औषधाने संपृक्त केलेलं (म्हणजे ज्यात ते आणखी विरघळणार नाही असं), गाळलेलं पाणी वापरा. नाहीतर सगळ्यात बारीक कण मोजण्याआधीच विरघळू शकतात.