टोकन देण्याआधी: जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेताना

फ्लॅट आवडलाय, पार्किंग आहे, पाणी बारा महिने आहे, आणि एजंट म्हणतोय, "सर, आजच टोकन टाका, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय." पुण्यात दोन फ्लॅट घेतले आणि एक विकला, पण ही दुसरी पार्टी मला एकदाही दिसली नाही. तेव्हा चेकबुक घरीच ठेवा आणि आधी झेरॉक्स मागा. टोकन मिळेपर्यंत विकणारा कागद हौसेनं दाखवतो. नंतर तेच कागद गावाकडच्या कपाटात असतात.

बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत जितक्या वेळा फ्लॅट विकला गेला, तितके करार, त्यांच्या नोंदणीच्या पावत्या आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा उतारा) मागून घ्या. मधली एखादी कडी कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नीवर) झालेली असेल तर तिथेच थांबा. नुसत्या कुलमुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली स्पष्ट केलंय. सोसायटीच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट हातात आलं की पुढच्या बाजूचं नाव वाचून परत देऊ नका, उलटवून पाहा. हस्तांतराच्या नोंदी मागच्या बाजूला असतात: तारीख, नाव, सेक्रेटरीची सही, सोसायटीचा शिक्का. करारांची साखळी आणि या नोंदी जुळल्या पाहिजेत.

मी ते उलटवलं होतं, शेवटची नोंद विकणाऱ्याच्या वडिलांकडून त्याच्या नावावर झालेली दिसली, आणि मी खूश होऊन ५१,००० रुपये दिले. वडील वारले, मुलगा नॉमिनी, सोसायटीनं नाव लावलं, म्हणजे तोच मालक असं मी धरून चाललो. पण नॉमिनी हा वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो, मालकी वारसांची. याला एक बहीण होती, नाशिकला, आणि तिला या विक्रीचा पत्ताच नव्हता. ती सही करेपर्यंत तीन महिने गेले, आणि दर आठवड्याला माझा फोन, "ताई, कधी येताय?" तेव्हा फ्लॅट वारसाहक्कानं आला असेल तर पहिला प्रश्न हाच: भावंडं किती? प्रत्येकाचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) हवं, नाहीतर सगळ्यांनी करारावर सह्या कराव्यात. मृत्युपत्र असेल तर ते वकिलाला वाचू द्या.

वकील आपला असावा, एजंटनं आणलेला नको. त्याच्याकडून तीस वर्षांचा सर्च (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदींचा तपास) घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा. चौदा-पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली तर ती टोकनच्या आधी कळलेली बरी. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिथे ठेवलेल्या मूळ कागदांची यादी मागवा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, पाहा. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) पाहा. अजून बिल्डरचंच नाव असेल तर मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरनं जमीन नावावर केली नाही तर सरकारी आदेशानं होणारं हस्तांतर) झालंय का, हे सेक्रेटरीला विचारा. आज फरक पडत नाही, पुनर्विकास निघाला की पडतो.

सोसायटीची एनओसी लागते का, हा सगळ्यांचा प्रश्न. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, हस्तांतराला ती लागत नाही, पण कर्ज देणारी बँक मागते, म्हणून घ्यावी. थकबाकी नसल्याचं पत्र मात्र हवंच. हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे सोसायटी हस्तांतरासाठी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,००० रुपये. 'विकास निधी' नावाचा वरचा आकडा कुणी सांगितला तर तो लेखी मागा. बहुतेक वेळा तो लेखी येत नाही.

आता पैसे. समजा सौदा ६० लाखांचा आणि रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरपत्रकानं, किंमत ६३ लाख येते. मुद्रांक शुल्क जास्त किमतीवर लागतं. पुणे शहरात मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४,४१,०००. नोंदणी फी ३०,०००. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा आयकर) फ्लॅट घेणाऱ्यानं कापून भरायचा. तोही जास्त किमतीवर, इथे ६३,०००. घेणारे दोन आणि विकणारे दोन असतील तर चार फॉर्म भरावे लागतात. तुम्हाला कर्ज देणारी बँक थेट विकणाऱ्याला चेक देते, म्हणून हा एक टक्का हिशेबातून निसटतो. बँकेला आधीच सांगून ठेवा. विकणारा परदेशात राहत असेल तर दर फारच वेगळे, आधी सीए गाठा. आणि रोख? २०,००० किंवा त्यावरची रोख स्वीकारणाऱ्या विक्रेत्याला तेवढाच दंड होऊ शकतो. 'थोडं ब्लॅक द्या' म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

टोकन द्याल तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या 'रिसीव्ड'वर समाधान मानू नका. इसारपावती (टोकनची लेखी, अटींसह पावती) करा, आणि कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात दोष निघाला तर रक्कम किती दिवसांत परत, हे तिच्यात लिहून घ्या.

नोंदणीच्या दिवशी मूळ आधार, मूळ पॅन, दोन साक्षीदार आणि त्यांचंही आधार. आधारवर 'सुनिता' आणि जुन्या करारात 'सुनीता' असेल तर ते आधीच वकिलाला दाखवा. घरात वयस्कर विक्रेते असतील तर हाताला लावायचं क्रीम बरोबर न्या. आमच्या वेळी एका काकूंचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच झिजलेल्या. ऑपरेटर म्हणाला, "आजी, पदराला पुसा, परत ठेवा." सातव्यांदा हिरवा दिवा लागला. सह्यांपासून नोंदणीला चार महिने मिळतात, पण तितकं थांबायचं कारण नाही.

किल्ली मिळाल्यावर शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायला द्या, महापालिकेत मिळकतकराची आकारणी बदला, आणि विजेच्या बिलाचं नाव त्याच महिन्यात. माझ्या बिलावर आधीच्या मालकाचे वडील अजून आहेत, कारण तो अर्ज मी 'पुढच्या आठवड्यात' टाकणार होतो.