फुकट एन्क्रिप्शन टूल गिटहबवर टाकताय? मेलमध्ये लिंक द्या, झिप नको

मालवणात पर्यटकांच्या आधारच्या झेरॉक्सा ठेवण्यापेक्षा फोटो लॉक (म्हणजेच एन्क्रिप्ट) करून ठेवायला आमच्या मित्राने छोटं टूल केलंय, फुकटच वाटतोय, पण गिटहब (कोड सगळ्यांसाठी ठेवायची साइट) पडलं अमेरिकेचं, म्हणजे एन्क्रिप्शन देशाबाहेर देण्याचा तिथला एक्सपोर्टचा नियम आलाच.

१. आधी बघा एन्क्रिप्शन एईएस, आरएसए असलं स्टँडर्ड, म्हणजे सगळीकडे मान्य पद्धतीचं आहे का. तसं असेल आणि सोर्स कोड सगळ्यांना खुला असेल तर मार्च 2021 पासून अमेरिकी सरकारला कळवायची भानगडच नाही, विषय संपला.

२. स्वतःचा अल्गोरिदम (लॉक करायची पद्धत) रचला असेल (कशाला रचता पण?) तर रेपो (गिटहबवरचं कोडचं फोल्डर) पब्लिक करतानाच बीआयएस (अमेरिकेचं एक्सपोर्ट बघणारं खातं) आणि एनएसए (तिथली गुप्तचर संस्था) दोघांना मेल टाका, त्यात फक्त रेपोची लिंक. कोडची झिप जोडलीत तर एन्क्रिप्शनचा भाग बदलला की दर वेळी नवीन कॉपी पाठवत बसायचं, लिंक दिली असेल तर लिंक बदलली तरच परत कळवायचं.

३. गेलेला मेल सेव्ह करून ठेवा.

एक मात्र बघा, कोड बंद ठेवून नुसती एक्झी फाइल (थेट चालणारा तयार प्रोग्रॅम) फुकट दिली तर ही सूट मिळत नाही.